मेटल डिटेक्टर घेतलाय, पण नागपुरात तो फिरवायचा कुठे? पोलीस, वनखातं, पुरातत्त्व यांचं काय?

धंतोली_पूर्व
व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या) प्रकारचं, ११ इंची कॉइलचं (जमिनीवरून फिरवायच्या चकतीचं) यंत्र घेतलं आहे. सोबत पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारी छोटी कांडी) आणि एक मजबूत खुरपं. जागांची यादी अशी: एप्रिल-मेमध्ये पाणी मागे सरतं तेव्हा अंबाझरी आणि फुटाळ्याचा काठ, कामठीजवळ कन्हानची रेती, काटोल रोडवर जुनापाणीच्या आसपासचं माळरान, आणि कळमेश्वरकडे ओळखीच्यांचं शेत. यातलं काय चालेल, परवानगी कोणाकडून घ्यायची, आणि जुनं काही निघालं तर पुढे काय करायचं? यंत्र ठेवणंच बेकायदा आहे असंही काही जण सांगतात.

गट_नंबर
यंत्र ठेवणं गुन्हा नाही. प्रश्न जमिनीचा आणि खोदण्याचा आहे. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांची, म्हणून आपली, हा समज आधी काढून टाका. प्रत्येक तुकड्याला मालक असतो आणि तो कागदावर सापडतो.

शहरात मिळकत पत्रिका, म्हणजे आपण आखीव पत्रिका म्हणतो ती. शहराबाहेर सातबारा. दोन्ही महाभूमीच्या संकेतस्थळावर दिसतात आणि गट कुठे संपतो ते महाभूनकाशावर कळतं. तलावांच्या काठाला बहुतेक वेळा एकच मालक नसतो. पाण्याची हद्द एकाची, बगिचा दुसऱ्याचा, मागची जमीन तिसऱ्याची. मनपाची जागा निघाली तर त्या झोनच्या कार्यालयात आणि उद्यान विभागात लेखी अर्ज द्या. लेखी उत्तर येईपर्यंत हात लावू नका. चौकीदाराचं "करा न भाऊ" म्हणजे परवानगी नव्हे.

कन्हानची रेती यादीतून काढाच. रेती गौण खनिज आहे. चोरट्या उपशामुळे महसूल पथकं नदीपात्रावर डोळा ठेवून असतात. पात्रात फावडं घेऊन उभा असलेला माणूस काय शोधतोय हे लांबून कळत नाही. शिवाय घाटालगतच्या पाण्यात लोकांनी श्रद्धेने टाकलेली नाणी असतात. ती उचलताना कोणी पाहिलं तर वाद कायद्याचा राहत नाही. मोक्षधाम, गंगाबाई घाट, अंबाझरी घाट या दहनघाटांवरच्या राखेजवळ यंत्र नेण्याचा विचारही करू नका.

पूर्व विदर्भातली एक खास अडचण: सातबाऱ्यावर "झुडपी जंगल" लिहिलेलं असेल तर तिथे झाड नसलं, नुसता मुरूम दिसत असला तरी ते वनच धरायचं. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं आहे. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं आणि खोदणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ मध्ये बसतं, आणि वनरक्षक हत्यारांसह यंत्रही जप्त करू शकतो. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर या अभयारण्यांचं तर विचारूच नका.

सीताबर्डी किल्ला, कामठी छावणी, अंबाझरीच्या आयुध निर्माणीचा परिसर: कुंपणाच्या बाहेरूनही नको. १८१७ ची लढाई सीताबर्डीच्या टेकडीवर झाली, कस्तुरचंद पार्कच्या मैदानातून खोदकामात जुन्या तोफा निघाल्या, हे सगळं खरं. म्हणूनच तिथलं काम पुरातत्त्ववाल्यांचं. आणि गोल, जड, गंजलेलं लोखंड लागलं तर उचलू नका, हलवू नका. माती तशीच सोडा, लांब व्हा आणि ११२ लावा.

माहुरझरी_वाट
जुनापाणीबद्दल वेगळं लिहितो, कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही.

जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातली दफनं आहेत ती, आणि हे केंद्र संरक्षित स्थळ आहे. जिल्ह्यात अशी वर्तुळं पुष्कळ: हिंगणा, टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड. बऱ्याच ठिकाणी फलकही दिसत नाही. पळसाच्या झुडपात अर्धे बुडालेले काळे धोंडे, गोलाकार मांडलेले, आणि मधे मुरमाचा किंचित उंचवटा. एवढीच खूण. ती दिसली की यंत्र बंद करायचं.

यंत्र तिथे वाजणारच. या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, तांब्याच्या वस्तू ठेवलेल्या असतात. माहुरझरीच्या उत्खननात घोड्याच्या डोक्यावर चढवलेली तांब्याची आभूषणं मिळाली. आता समजा, तो तांब्याचा पत्रा कोणी खुरप्याने उकरून खिशात घातला असता. हातात हिरवट पत्रा राहिला असता आणि घोडा कायमचा गेला असता. दफनात घोडा होता, तो सजवलेला होता, हे त्या पत्र्याच्या जागेवरून कळलं. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तशा ठिकाणची मळी, म्हणजे लोखंड गाळून उरलेले खडे, तीसुद्धा यंत्राला लोखंडच वाटते. खड्डा करणाऱ्याला ती कचरा वाटते आणि तो फेकून देतो.

कायदा: १९५८ च्या प्राचीन स्मारक अधिनियमाखाली संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ही अट मुख्यतः बांधकाम आणि खाणकामासाठी आहे. तरी ३०० मीटरच्या आत खुरपंही काढू नका, कारण वर्तुळांची खरी सीमा कुंपणाबरोबर संपत नाही. संरक्षित नसलेल्या जागीही पुरातत्त्वीय उत्खननाला राज्य सरकार केंद्राच्या मान्यतेशिवाय परवानगी देऊ शकत नाही. मग सरपंचाच्या सहीने गायरान खोदता येतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आवड जुन्या वस्तूंचीच असेल तर अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जा, तिथे या भागातल्या वस्तू बघता येतात. शेतात नवीन वर्तुळ दिसलं तर फोटो आणि जीपीएसचा आकडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला लेखी कळवा. एका नाण्यापेक्षा या पत्राची किंमत जास्त आहे.

धंतोली_पूर्व
जुनापाणी आणि कन्हान खोडले. शेताचं सांगा. मालक तोंडी हो म्हणाले आहेत.

गट_नंबर
तोंडी पुरत नाही. एका पानावर लिहून घ्या: गट नंबर, तारखा, वेळ सकाळी ७ ते ११, खोली जास्तीत जास्त १५ सेंटीमीटर, पीक आणि ड्रिपच्या नळ्यांना धक्का लागणार नाही, आणि जे निघेल ते आधी मालकाला दाखवायचं. सातबाऱ्यावर चार भोगवटादार असतील तर चौघांच्या सह्या. जमीन ठेक्याने किंवा बटईने दिली असेल तर कसणाऱ्याचीही, कारण उभं पीक त्याचं असतं. पोलीस पाटलाला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

जुनं काही निघालंच तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागतो. जमिनीत दडलेली, काहीही किंमत असलेली कोणतीही वस्तू "निधी" ठरते, आणि ती १० रुपयांहून जास्त किमतीची असेल तर कळवावीच लागते. १० रुपयांची ही मर्यादा १८७८ ची आहे, म्हणजे आज जवळजवळ काहीही. सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: वस्तू काय आणि अंदाजे किंमत किती, नेमकी जागा, सापडल्याची तारीख. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पुढे अधिसूचना निघते आणि हक्क सांगायला ४ ते ६ महिन्यांनंतरची तारीख मिळते. कोणाचाच हक्क ठरला नाही आणि तुमच्यात वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन ती घेता येते. कळवलं नाही तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मालकाने लपवायला साथ दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत. हे मालकाला आधीच सांगा.

निघालेली वस्तू धुऊ नका, घासू नका, लिंबू-चिंच तर नकोच. मातीसकट कागदात गुंडाळा. एकापेक्षा जास्त वस्तू एकत्र दिसल्या तर थांबा. फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवा, आणि बाकीच्या जमिनीतच राहू द्या.

काळी_माती
यंत्राचं थोडं सांगतो, नाहीतर पहिल्याच दिवशी शेतभर नको तिथे खड्डे होतील.

नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्टची काळी माती आहे. तिच्यात लोहखनिज भरपूर, म्हणून यंत्र रिकाम्या जागीही कुरकुरतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज यंत्रातून वगळणं, करताना आधी खाली धातू नाही याची खात्री करा. मग कॉइल जमिनीपासून ३ ते २० सेंटीमीटर वर-खाली पाच-सहा वेळा हलवा. वर आणि खाली आवाज सारखा येईपर्यंत बॅलन्स फिरवा. संवेदनशीलता ६० ते ७० टक्क्यांवर ठेवा. कमाल ठेवली तर खोली वाढत नाही, नुसता गोंगाट वाढतो. शेताचा भाग बदलला की पुन्हा बॅलन्स. उन्हाळ्यात भेगांवरून कॉइल गेली की खोटा आवाज येतो. मातीत थोडा ओलावा असतो तो काळ, दिवाळीनंतरचा, सगळ्यात चांगला. भर पावसात काळ्या मातीत पाय टाकू नका, कापलेला तुकडा परत बसतच नाही. विजेच्या तारांखाली यंत्र सतत वाजत असेल तर फ्रिक्वेन्सी बदला.

लोखंड वगळायची सेटिंग लावली तर १९९२ नंतरचा स्टेनलेस स्टीलचा रुपया दिसणार नाही, तो चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा असतो. सोन्याची अंगठी आणि खर्ऱ्या-गुटख्याच्या पुडीतली पन्नी जवळजवळ एकाच आकड्यावर येतात. म्हणून अंगठी शोधायची तर पन्न्या खोदाव्या लागतातच.

खड्डा असा: पिनपॉइंटरने जागा पक्की करा. तीन बाजू कापा, चौथी बिजागरीसारखी राहू द्या, मातीचा तुकडा उलटा. सुटी माती गोणपाटावर टाका. वस्तू काढली की खड्ड्यात पुन्हा पिनपॉइंटर फिरवा, माती भरा, तुकडा बसवा, पायाने दाबा. निघालेला पत्रा, खिळे, ब्लेड परत टाकू नका, पिशवीत घरी न्या. बैलाच्या खुरात जातात.

धंतोली_पूर्व
आणि कोणी अडवलं तर? गावात लोक जमले, गाडी आली?

सिव्हिल_लाइन्स_वकिली
विदर्भात यंत्र आणि खुरपं एकत्र दिसलं की लोकांच्या डोक्यात पहिला शब्द येतो "गुप्तधन". ती भीती खोटी नाही. गुप्तधनाच्या नावाने लोकांना लुटलं गेलं आहे, जीवही गेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीची अघोरी कृत्यं येतात, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. म्हणून अमावस्या टाळा, रात्र टाळा, खिशात लिंबू-कुंकू नको, सोबत सब्बल (पहार) नको. सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडीच्या हत्यारासह, समाधानकारक कारण न देता सापडलात तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ लागू शकतं. दोघे-तिघेच जा.

लोक जमले तर यंत्र बंद करून खाली ठेवा, हेडफोन काढा. "काका, हे मालकाचं पत्र, हा त्यांचा नंबर, तुम्हीच लावा" एवढंच म्हणा. पोलीस आले तर ओळखपत्र, परवानगीची प्रत आणि पिशवीत जे असेल ते स्वतःहून दाखवा. "तुम्हाला अधिकार काय" अशी सुरुवात करू नका. निघा म्हटलं तर निघा, परवानगी असली तरी. दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन शांतपणे बोलता येतं.

यंत्र जप्त केलं तर ओढाताण नको. पंचनाम्यात मेक, मॉडेल, अनुक्रमांक नीट लिहिलाय का ते वाचा आणि जप्तीची प्रत मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, हे नम्रपणे सांगता येतं. यंत्र परत मिळवायचं तर न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या हमीपत्रावर, सोडवायचं. खरेदीचं बिल त्यासाठीच जपून ठेवा.

कोराडी_रोड
एक भर. लॉनवर किंवा शेतात हरवलेला दागिना शोधून द्यायचा असेल तर तो "निधी" नाही, तो हरवणाऱ्याचाच. मालक माहीत नसेल तर ठाण्यात जमा करून पोच घ्या. ठेवून घेतला तर न्याय संहितेचं कलम ३१४, म्हणजे अपहार. आणि मंगळसूत्र शोधताना साखळीच्या आवाजाची वाट पाहू नका. बारीक कड्या यंत्राला एकेकट्या दिसतात, म्हणजे जवळजवळ दिसतच नाहीत. आवाज वाट्यांचा येतो. लहान कॉइल लावा, ५-६ इंची, जमिनीला घासून सावकाश फिरवा, आणि दोरी बांधून एक-एक मीटरचे पट्टे करा. पट्टा संपला की आडव्या दिशेने तोच पुन्हा.