विंडोज १० चे अपडेट्स संपले, आता लिनक्स की मॅक की आहे तेच? (ऑफिसचं काम + डेव्हलपमेंट)

विसरलेला_अर्धविराम
नमस्कार मंडळी, लॅपटॉप जुना आहे, इंटेल सातवी जनरेशन, १६ जीबी रॅम, एसएसडी नंतर बसवून घेतलेली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वर्षभराचे जादा सिक्युरिटी अपडेट्स लावून घेतलेत म्हणून ऑक्टोबर २०२६ पर्यंत ढकलगाडी चालेल. विंडोज ११ टाकायला गेले तर प्रोसेसर चालत नाही म्हणतंय. मशीन ठणठणीत आहे हो, नुसतं एका यादीत नाव नाही म्हणून टाकून द्यायचं जिवावर येतं.

काम दोन प्रकारचं. एक म्हणजे एक्सेल, आणि त्यात माझ्या आधीच्या माणसाने लिहून ठेवलेले मॅक्रो (काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम), ज्यांना हात लावायची कोणाची छाती होत नाही. दुसरं म्हणजे पायथन, जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट), पोस्टग्रेस (डेटाबेस), डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायचं साधन), हे रोज वाढत चाललंय. टीममधले निम्मे म्हणतात लिनक्स टाक, भाऊ म्हणतो मॅक घे आणि मोकळी हो. तुम्ही काय वापरता त्यापेक्षा तुमचं घोडं कुठे अडलं ते सांगा, कौतुक व्हिडिओत भरपूर ऐकून झालंय.

लॉग_बघून_सांगतो
कोड शेवटी कुठे चालणार ते आधी बघा. जँगो आणि डॉकर म्हणताय म्हणजे सर्व्हर बहुतेक लिनक्सच असणार, आणि तुमचं मशीन त्यापेक्षा जितकं वेगळं तितके विचित्र बग.

माझंच सांगतो. टेम्प्लेटच्या (पानाच्या साच्याच्या) फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल, कोडमध्ये मी स्मॉल लिहिलेलं. विंडोजला दोन्ही सारखंच (मॅकच्या डीफॉल्ट डिस्कलाही), त्यामुळे माझ्याकडे पान झकास उघडत होतं आणि सर्व्हरवर टेम्प्लेट सापडत नाही म्हणून ५०० एरर. कारण कळल्यावर फाइलचं नाव बदललं तर गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला) बदल दिसेचना, कारण तेही केसकडे दुर्लक्ष करत बसलेलं, शेवटी गिट एमव्हीने नाव बदललं तेव्हा कुठे कमिट झालं. एका अक्षरापायी अख्खी संध्याकाळ.

दुसरं, ओळीच्या शेवटचं कॅरेज रिटर्न, म्हणजे विंडोज ओळ संपवताना लावतं ते न दिसणारं जादा अक्षर. शेल स्क्रिप्ट विंडोजच्या एडिटरमध्ये सेव्ह केली की कंटेनर म्हणणार फाइलच नाही, आणि फाइल तर समोर दिसतेय! त्याला न दिसणाऱ्या त्या एका अक्षरासकटचा इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) हवा असतो, तो कुठून मिळणार. गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल टाकून एलएफ (लिनक्सचं ओळ संपवायचं चिन्ह) सक्तीचं करा, मग कुठलीही ओएस घ्या.

खिडकीतला_पेंग्विन
सगळ्यात सोपा उपाय कोणी बोलतच नाहीये, डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय. त्यात खराखुरा लिनक्स कर्नल (ओएसचा गाभा) असतो, एक्सेल एका खिडकीत आणि उबंटूचं (लिनक्सचाच एक प्रकार) टर्मिनल दुसऱ्या. फक्त प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून चालवू नका, मी सुरुवातीला तेच केलं आणि गिट स्टेटस म्हटलं की पाणी पिऊन यायचो. कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवला तर तेच लगेच होतं. आणि ते निम्मी रॅम घेऊन बसू शकतं, कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा घालून द्या.

लॉग_बघून_सांगतो
@खिडकीतला_पेंग्विन अहो पण त्यांचं मशीन ११ घेतच नाही, प्रश्न नीट वाचा की राव.

खिडकीतला_पेंग्विन
वाचलाय. डब्ल्यूएसएल २ विंडोज १० वरही चालतं. २०२६ च्या ऑक्टोबरनंतर काय हे मात्र बरोबर, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

कमांड_ऑप्शन_चहा
मी एम१ वर (अ‍ॅपलच्या चिपच्या मॅकवर) आहे. बॅटरी आणि शांतता याबद्दल भावाचं म्हणणं खरं आहे. आता न सांगितलेलं सांगते. डॉकर इथेही लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनमध्येच चालतो, वर प्रोसेसर आर्म जातीचा, त्यामुळे एखादी इमेज (डॉकरचं तयार पॅकेज) फक्त एएमडी६४ ची, म्हणजे इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीची असली की ती अनुकरण करून चालते आणि मशीन रांगायला लागतं. सेड, ग्रेप वगैरे (मजकूर शोधायच्या-बदलायच्या कमांड) लिनक्सचे नाहीत, बीएसडीचे, सर्व्हरवर चालणारी सेडची ओळ इथे कुरकुर करते. रॅम नंतर वाढवता येत नाही, घेतानाच काय ती घ्यायची. मॅकच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतात पण अ‍ॅक्टिव्हएक्सची (फक्त विंडोजवर चालणारी) बटणं असली तर विसरा. आयफोनचं अ‍ॅप बनवायचं असेल तर मॅकला पर्याय नाही, तुम्हाला ते करायचं दिसत नाही.

स्वॅप_फाइल
ताई, सातवी जनरेशन आणि १६ जीबी म्हणजे लिनक्ससाठी चैन आहे. उबंटू एलटीएस (लांब सपोर्टची आवृत्ती) किंवा डेबियन, बास. उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. फेडोरा मला आवडतं पण दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती, कामाच्या मशीनवर एवढी हौस नको.

आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, काहीही इन्स्टॉल न करता. वायफाय, कॅमेरा, कॉलवर स्क्रीन शेअर, आणि झाकण बंद करून दहा मिनिटांनी उघडा, उठतंय का बघा. हे झोपेतून उठणं लोक तपासत नाहीत आणि मग महिनाभर बोटं मोडतात. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळतो.

एक्सेल मात्र तुमची खरी अडचण. लिब्रेऑफिस (लिनक्सवरचं मोफत ऑफिस) काही मॅक्रो चालवतं, सगळे नाही, आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए (मॅक्रो लिहायची भाषा) चालतच नाही. म्हणून विंडोज पुसू नका, बाजूला ठेवा, ड्युअल बूट करा, म्हणजे चालू करताना दोन्हीतलं एक निवडता येईल. त्याआधी बॅकअप, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर. मी ती की त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह केली होती. हसू नका.

अजून एक, ड्युअल बूटनंतर विंडोजचं घड्याळ चुकीची वेळ दाखवेल. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). बिघाड नाही, एका सेटिंगचं काम आहे.

विसरलेला_अर्धविराम
सगळ्यांना धन्यवाद, काल लाइव्ह उबंटू चालवून बघितलं. वायफाय, कॅमेरा, स्क्रीन शेअर ओके. झाकण लावून उघडलं तर काळी स्क्रीन, तीनदा केलं, दोनदा उठलं एकदा नाही 😅 मॅक्रोची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली, पहिल्याच बटणाला एरर. म्हणजे स्वॅप_फाइल म्हणतात तसं ड्युअल बूट, विंडोज फक्त रिपोर्टच्या दिवशी. शनिवारी बॅकअप घेऊन बसतेय. त्या झाकणाचं कोणाला काही माहीत असेल तर सांगा, तोवर झाकण लावायच्या आधी शटडाउन.

स्वॅप_फाइल
बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट आलंय का बघा आधी, आणि थोडं नवीन कर्नल टाकून बघा, उबंटूत एचडब्ल्यूई नावाने मिळतं. आणि रिकव्हरी की कागदावर लिहिलीत ना?

विसरलेला_अर्धविराम
दोन कागदांवर.