अनुभव धागा: मशीनचा धूर, फिल्टर आणि फिल्टर काढणारे

जांभ्याची_लेक

आमच्या गल्लीत पाइपलाइनचं खोदकाम चाललंय. दार उघडं टाकून भाकऱ्या करत होते, समोर मशीन गुरगुरतंय, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की डिझेलचा वासच येत नाही. बाबांची आठवण आली एकदम.

बाबा खानापूरकडं जांभ्याच्या खाणीवर मशीन चालवायचे. त्यांचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची, नाहीतर आमच्या शाळेच्या शर्टांना काळं लागायचं. रुमाल काळा, नाक शिंकरलं तर काळं. खाणीचं काम म्हटल्यावर असंच, असं घरात सगळेच धरून चालायचे. पण जांभ्याची धूळ लाल असते. ते काळं जे होतं ते धुराचं होतं.

या ऑपरेटरला चहा दिला तेव्हा विचारलं. म्हणाला, "अक्का, यात काजळीचा फिल्टर हाय. खरं मालक म्हणतोय काढून टाकूया, लई कटकट करायलाय." ऐकून पोटात गोळा आला. जानेवारी २०२५ पासून बनलेल्या नव्या मशीनना स्टेज ५ चा, म्हणजे धुरातली घाण किती चालेल याचा सरकारी नियम आहे, टिप्परना तसाच एप्रिल २०२० पासून बीएस ६. एवढ्या वर्षांनी कुठं ऑपरेटरच्या नाकातलं काळं कमी व्हायला लागलंय आणि आपण ग्राइंडर घेऊन कापायला निघालोय.

तुमच्याकडं काय चाललंय? मालक, ऑपरेटर, मिस्त्री, घरची माणसं, सगळ्यांनी लिहा.

निपाणी_टिप्पर

काढतात सगळे. फिल्टर भरला की दिवा लागतो, गाडी पळत नाही, शोरूमला नेली की तीन-चार दिवस उभी. हप्ता थांबत नाही हो. नवीन फिल्टरचा भाव विचारून बघा एकदा, मग बोला.

गोकाकचा_गडी

आमच्या मालकानं काढलाय. मी काय बोलणार, पगार त्याच्याच हातनं. वेल्डिंग नीट झालेलं नाही, सांध्यातनं धूर निसटतोय बॉनेटच्या आत, आणि एसी तोच वास आत ओढतोय. आधी केबिनमधी काय त्रास नव्हता. आता दुपारपर्यंत डोकं धरतंय. काच उघडी ठेवली तर खडीची धूळ. कुठं जायचं सांगा.

तिसरं_रेल्वेगेट

गोकाकच्या भावा, काळजी घे रे. डोकं धरलं की खाली उतरून मोकळ्या हवेला जा, मालक काय म्हणेल ते म्हणू दे.

उद्यमबाग_मिस्त्री

फिल्टर काढून द्या म्हणून माझ्याकडं लोक येतच असतात. मी देत नाही. का ते जरा सविस्तर लिहितो, जेवणाची सुट्टी आहे.

आत सिरॅमिकचं मधाच्या पोळ्यासारखं ठोकळं असतं. प्रत्येक भोक एका टोकाला बंद. त्यामुळं धुराला भिंतीतनं झिरपून शेजारच्या भोकात जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. काजळी साठली की मशीन स्वतःच थोडं जादा डिझेल वापरून आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि ती जाळून टाकतं. काम लोडवर चाललं असेल तर बरीचशी काजळी चालता चालताच जळते, ऑपरेटरला पत्ताही लागत नाही.

मग चोक का होतो? माझ्याकडं आलेल्या मशीनमधली बहुतेक याच कारणांची. एक, मशीन तासन् तास रिकामं चालू ठेवायचं. एसीसाठी, मोबाइल चार्जिंगसाठी, मुकादम येईपर्यंत. सायलेन्सर गारच राहतो, काजळी जळत नाही, साठत जाते. दुसरं, जाळायची वेळ आली की ऑपरेटर बटण दाबून थांबवतो, कारण भाडं तासावर आहे. तिसरं, ऑइल. काजळी जळते, राख जळत नाही, आणि राख येते इंजिन ऑइलमधनं. म्हणून कमी राखेचं ऑइल सांगितलेलं असतं, डब्यावर सीके-४ बघून घ्या किंवा मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते. स्वस्तातलं जुन्या ग्रेडचं घातलं की राख लवकर भरते. ती काही हजार तासांनी ठोकळं बाहेर काढून साफ करता येते, लगेच नवीन घ्यावं लागत नाही.

आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं. फिल्टर परत परत भरत असेल तर पुढं इंजिनात काहीतरी बिघडलंय. एका मशीनचा टर्बो ऑइल सोडत होता. मालक म्हणत होता फिल्टर काढ. काढला असता तर दिवा गेला असता आणि टर्बो फुटेपर्यंत कुणाला कळलं नसतं. टर्बो बदलला, फिल्टर साफ केला, मशीन अजून चालतंय.

डिलीट मारणारे, म्हणजे फिल्टर काढून देणारे, काय करतात ते पण सांगतो. डबा कापायचा, ठोकळं फोडून काढायचं, रिकामा डबा परत वेल्ड करायचा म्हणजे बाहेरून कळत नाही. मग लॅपटॉप लावून सेन्सर गप्प करायचे. फोडताना जी पावडर उडते ती पोरं तोंडाला काही न बांधता गिळतात. आणि शेजारच्या ठोकळ्यात प्लॅटिनम असतं, ते भंगारात कुणाच्या खिशात जातं हे मालकाला कधी कळत नाही.

कुंदा_खाऊ

प्लॅटिनम?? आणि आमच्या शेजारचा भंगारवाला अजून रद्दीचाच भाव सांगतोय मला 😄

संकेश्वर_ऊसवाला

मिस्त्री, बटण दाबून थांबवतो म्हणालात त्याला दुसरी पण बाजू आहे. आमच्या रानात मशीन चर काढत होतं, ऊस नुकताच तुटलेला, पाचट गुडघाभर. ऑपरेटरनं बटण दाबलं ते बरोबरच केलं. सायलेन्सर एवढा तापलेला आणि खाली वाळलेलं पाचट, पेटायला वेळ लागला असता का? पण पुढं तसंच चार रानं करत गेला आणि एकदाही मोकळ्या जागेत उभं करून जाळलं नाही. शेवटी मशीन रानातच अडकलं, ताकद गेली, बकेट उचलेना. मालक म्हणाला कंपनीनं फसवलं.

आता आम्ही काय करतो, मशीन मागवलं की आधीच सांगतो, सकाळी बांधावर नांगरलेल्या मोकळ्या जागी उभं करून फिल्टर जाळून घ्या, मग रानात या. तेवढ्या वेळाचं भाडं आम्ही देतो. शेतकऱ्यांनी पण एवढं धरायला पाहिजे. आपल्या रानातच उभं राहणार आहे ते मशीन, आपलीच माणसं शेजारी.

निपाणी_टिप्पर

त्या वेळेचं भाडं देणारा शेतकरी पहिल्यांदाच ऐकला. नमस्कार तुम्हाला.

हुक्केरीची_मावशी

यंदा ऊस कितीनं गेला तुमचा? आमच्याकडं अजून तोड नाही. विषय सोडून विचारतेय, माफ करा.

संकेश्वर_ऊसवाला

मावशी, अजून बिल हातात नाही. आलं की कळवतो.

सिव्हिल_सिस्टर

नर्स आहे, ड्युटीवरून लिहितेय, तुटक लिहीन. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये पहिल्या गटात टाकलं. म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे, शंका नाही. तंबाखू त्याच गटात. निपाणीच्या तंबाखूबद्दल आपण सगळे बोलतो, मशीनच्या धुराबद्दल कुणी पेशंटला विचारत सुद्धा नाही. मी विचारते. खोकला घेऊन कुणी आलं की काम काय करता, मशीन कुठलं, दिवसभर कुठं उभं असता. खडीवरचे, खाणीतले, रस्त्यावरचे हेल्पर. हेल्पर जास्त, कारण ऑपरेटर निदान केबिनमध्ये तरी असतो. हेल्पर सायलेन्सरच्या उंचीला उभा.

विहिरीवरचा

हे वाचून राहवलं नाही. माझं वय झालंय, पोरानं टाइप करून दिलंय.

चिकोडीकडं विहिरीची कामं केली आयुष्यभर. आधी यारीनं माती वर काढायचो, मग छोटं पोकलेन आत उतरवायला लागले. खड्डा खोल, वारा नाही, धूर वर जात नाही, तळाला बसतो. तळात आमची माणसं. वरून कुणी हाक मारली तरी उत्तर द्यायला उशीर व्हायचा, डोकं जड झालेलं असायचं. एकदा जोडीदार बसल्या जागी कलंडला. दोर लावून ओढला वर. वाचला. लोक म्हणाले विहिरीला बळी पाहिजे होता, नारळ फोडा. नारळ फोडला आम्ही. खरं माणूस धुरानं पडला होता.

पोरगं सांगतंय की नव्या मशीनच्या नळीत फिल्टरच्या आधी अजून एक ठोकळं असतं, ते विषारी वायू पण जाळतं. तसं असेल तर विहिरीत उतरणाऱ्या मशीनचं तरी कुणी काढू नका. हात जोडून सांगतो.

उद्यमबाग_मिस्त्री

आजोबा, पोरगं बरोबर सांगतंय. डीओसी म्हणतात त्याला. कार्बन मोनॉक्साइड कमी करतं ते. डिलीट करताना बऱ्याचदा दोन्ही एकदमच काढतात. पण ते असलं तरी खड्ड्यात ब्लोअर पाहिजेच, आणि मशीन चालू असताना तळात माणूस नको.

जांभ्याची_लेक

आजोबा, तुमचा जोडीदार वाचला हे वाचून बरं वाटलं. खाणीत पण तसंच असायचं. चिरे काढून काढून खड्डा खोल होत जायचा आणि मशीन तळाला. बाबा म्हणायचे पावसाळ्यात खाण बंद झाली की छाती मोकळी होते. आम्हाला वाटायचं विश्रांतीमुळं.

टिळकवाडी_काकू

माझ्या मुलाच्या डिझेल गाडीत पण असलाच दिवा लागतो. पुण्यात आहे, ऑफिस चार किलोमीटर. हेच का ते?

चोर्ला_घाट

हेच काकू. छोट्या फेऱ्यांनी गाडी गरमच होत नाही. मुलाला सांगा अधूनमधून हायवेला अर्धा-पाऊण तास एकसारखी चालव, दिवा बहुतेक जातो. नाही गेला तर मात्र दाखवून घ्या. सुट्टीला बेळगावला घेऊन आला की काम झालंच.

टिळकवाडी_काकू

तो येईल तर खरा! दिवाळीला पण आला नाही.

कागद_पत्रे

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं १८२अ आलं, त्यात मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टायरवालं मशीन आरटीओत नोंदलेलं असतं, त्याला हे लागू. वॉरंटी जाते ती वेगळीच.

पीयूसी पास झालं म्हणून निर्धास्त राहणारे भेटतात. तिथं धुराचा दाटपणा बघतात. नव्या इंजिनाचा धूर फिल्टर नसला तरी डोळ्याला फारसा दिसत नाही, कण बारीक असतात. म्हणून तर स्टेज ५ मध्ये वजनाबरोबर कणांची संख्याही मोजायला लागले, एका किलोवॅट-तासाला एक लाख कोटी ही मर्यादा. स्टेज ४ ला संख्येचं बंधन नव्हतं.

चिकोडी_अर्थमूव्हर्स

मालकाच्या बाजूनं लिहिते. नवऱ्याच्या मागं दोन मशीन मीच बघते. भागीदार दीर आहेत, त्यांचा आग्रह होता काढूया म्हणून. मी म्हटलं भाऊजी, आधी अवर मीटर आणि डिझेलची वही समोर ठेवू. मशीन चालू असलेले तास आणि गिऱ्हाइकानं पैसे दिलेले तास यात मोठी तफावत निघाली. ते सगळं रिकामं गुरगुरणं. डिझेल पण जळतंय आणि फिल्टर पण भरतोय, दोन्ही आपल्याच खिशातनं.

मग ऑपरेटरांना बसवून बोलले. ओरडले नाही. ते म्हणाले वहिनी, उन्हात केबिन तापतंय, एसी बंद करून बसायचं कुठं? खरंच होतं त्यांचं. साइटवर ताडपत्रीची सावली, पाण्याचा कॅन आणि मोबाइलला पॉवर बँक दिली. चहाला मशीन बंद. फिल्टर जाळायला जो वेळ जातो तो पगारात धरलाय, त्यामुळं बटण कुणी दाबत नाही. फिल्टर आहे तिथंच आहे. दीर अजून कुरकुरतात अधूनमधून, चालायचंच.

गोकाकच्या दादांना, आमच्याकडं एक ऑपरेटर गावी गेलाय, जागा आहे. मेसेज करा.

गोकाकचा_गडी

वहिनी केलाय मेसेज.

कुंदा_खाऊ

धाग्याचं सार्थक झालं बघा. पार्टी पाहिजे.

निपाणी_टिप्पर

मिस्त्री, एक विचारायचं होतं. माझ्या गाडीला दिवा परत परत लागतोय, दोन आठवड्यात तिसऱ्यांदा. रिकामी उभी नसते माझी गाडी, कोगनोळी-हत्तरगी लोडवरच असते. ऑइल मात्र कुठलं घातलंय माहीत नाही, ड्रायव्हरनं बदलून आणलंय. डिलीटवाल्याला शनिवारी बोलावलं होतं, त्याला थांब म्हणून सांगितलंय.

उद्यमबाग_मिस्त्री

लोडवर चालून एवढ्या लवकर भरत असेल तर इंजेक्टर नाहीतर टर्बो बघायला लागेल. सेन्सरची नळी पण फुटलेली असू शकते, ते तर किरकोळ काम. सोमवारी सकाळी आणा. ऑइलचं बिल ड्रायव्हरकडनं मागून घ्या. आणि तोपर्यंत कुणाकडनं गाडीत साठलेले बिघाडाचे कोड पुसून घेऊ नका, कोड गेले की मला काहीच दिसणार नाही.