फाशासाठी राउंड वापरू नका

चिकित्सक: 'आरमध्ये (संख्याशास्त्राची संगणकभाषा) फासा टाकायचा तर आर-युनिफला (दिलेल्या मर्यादेत कुठलाही दशांश आकडा देणारं फंक्शन) १ ते ६ द्या आणि राउंड करा (जवळचा पूर्णांक घ्या)' असं काल इथे कुणी लिहिलं आणि खाली वाहवा झाली. राहवत नाही म्हणून लिहितोय. १ पडायला १ ते १.५ एवढीच जागा उरते, २ ला मात्र १.५ ते २.५. म्हणजे १ आणि ६ प्रत्येकी १० टक्के, मधले चौघे २०-२० टक्के. हा कसला फासा? आर-युनिफकडून ० ते १ मधला आकडा घ्या, सहाने गुणा, फ्लोअर करा (अपूर्णांक सोडून द्या), एक मिळवा. आर-युनिफ नेमका १ कधीच देत नाही, त्यामुळे ७ पडत नाही. नाहीतर सरळ सॅम्पल वापरा, ते दिलेल्या संचातून कुठलाही आकडा उचलतं.

रानवारा: सॅम्पलचं नाव नको! २०१९ मध्ये आरची ३.६.० आवृत्ती आली आणि माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तेच सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) देऊनही जुळेना. गाईड विचारतात, "आकडे बदललेस का?" महिना गेला. आर-युनिफचे आकडे तसेच्या तसे आले.

चिकित्सक: सॅम्पलची जुनी रीत मोठ्या संचात एका बाजूला झुकायची. १,७१,७९,८६,९१८ मधून उचललं की सम ४० टक्के, विषम ६०! ते सुधारायलाच हवं होतं. आणि सॅम्पल-काइंड या सेटिंगला 'राउंडिंग' सांगितलं की जुने आकडे परत मिळतात.

रानवारा: १७१ कोटी कुणाकडे असतात? माझ्याकडे चाळीस शाळा होत्या. आणि ही युक्ती तेव्हा कुणी सांगितली नाही.

पाणवठा: सीडचा विषय निघालाच आहे तर बोलतो. तोंडी परीक्षेत एकाला विचारलं, सीड ४७ का? म्हणाला, "सर, त्यानेच पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली." (तेवढी आली की निकाल 'लक्षणीय' म्हणून खपतो.) आरचे यादृच्छिक आकडे बनवणाऱ्या मर्सेन ट्विस्टरचं आवर्तन (आकड्यांची मालिका पुन्हा सुरू होईपर्यंतचा पल्ला) २ च्या १९९३७ व्या घातातून १ वजा एवढं लांब असून काय उपयोग, माणूसच हवा तो आकडा निवडत असेल तर? सीड लिहायला लावणंच बंद करा.

चिकित्सक: अहो, सीड लिहिलं होतं म्हणूनच तुम्ही त्याला पकडलंत!

पाणवठा: पकडला नाही, त्याने स्वतः सांगितलं. न सांगणारे किती असतील?

चिकित्सक: मग पाच-दहा सीड बदलून निकाल टिकतो का ते मागा. सीड लपवून काय साधणार?

पाणवठा: तेवढं पटतं. बंदीचं मागे घेतो. पण एकाच सीडवरचा निकाल मी यापुढे मान्य करणार नाही.

रानवारा: राउंडवाला फासा दहा हजार वेळा टाकून टेबल काढलं. १ आणि ६ हजाराच्या आसपास, बाकीचे दोन हजाराच्या. राउंड चूक, मान्य. माझ्या कोडमध्ये तीन ठिकाणी आहे, आज रात्री बदलते. पण फ्लोअर लावेन, सॅम्पल नाही.