सिम्सवर तिमाही रिटर्न अडकतात: नवीन मॉड्यूल घ्यावे की आधी जीएल मॅपिंग सुधारावे?

खतावणी यांचा प्रश्न:

नागरी सहकारी बँक, टियर २, ठेवी साधारण ६०० कोटी. रिझर्व्ह बँकेच्या जुन्या एक्सबीआरएल पोर्टलऐवजी आता सिम्स या तिच्या नव्या माहिती-संकलन पोर्टलवर रिटर्न (ठरावीक मुदतीने द्यायची आकडेवारी) भरतो. सीबीएसमधून (बँकेच्या मूळ संगणक प्रणालीतून) अहवाल एक्सेलमध्ये काढायचे, तिथे जुळवाजुळव करायची आणि मग आकडे युटिलिटीत (रिटर्न भरण्याच्या एक्सेल फाइलीत) चढवायचे, अशी पद्धत आहे. तीन ठिकाणी गाडी अडते.

१) बेरजेत एक-दोन लाखांचा फरक येतो आणि व्हॅलिडेशन (आकडे जुळतात का याची आपोआप तपासणी) पुढे जाऊ देत नाही.
२) जूनच्या रिटर्नमधली एनपीएची (थकून अनुत्पादक झालेल्या कर्जांची) आरंभीची शिल्लक मार्चअखेरशी जुळत नाही.
३) निव्वळ एनपीए (बुडिताची तरतूद वजा जाता उरणारा) एका रिटर्नमध्ये एक, दुसऱ्यात दुसराच.

व्हेंडर म्हणतो सॉफ्टवेअर बरोबर आहे, रिपोर्टिंग मॉड्यूल वेगळे विकत घ्या. संचालक मंडळापुढे तसा प्रस्ताव आहे. घ्यावे का?

---

ताळेबंद_कर:

मॅपिंग, म्हणजे कोणते जीएल (जनरल लेजरमधले) खाते रिटर्नच्या कोणत्या ओळीत जाते याची जोडणी, नीट नसताना मॉड्यूल घेतले तर तेच चुकीचे आकडे अधिक वेगाने जातील. आधी मॅपिंग.

पहिली अडचण राउंडिंगची असू शकते, पण ती राउंडिंगचीच आहे हे तपासून घ्या. लाखात पूर्णांक केलेल्या प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त अर्ध्या लाखाची चूक राहते. म्हणजे १२ ओळींच्या बेरजेत फरक ६ लाखांच्या वर जाऊच शकत नाही, आणि चुका एकमेकींना खात असल्याने बहुधा तो एक-दोन लाखच निघतो. फरक त्या मर्यादेबाहेर गेला की समजा, एखादा जीएल हेड सुटला आहे किंवा दोनदा धरला गेला आहे. बरेच जण मोठा फरकही 'राउंडिंग' म्हणून खपवतात.

उपाय असा की शेवटच्या पायरीपर्यंत सगळे रुपये-पैशांत ठेवायचे आणि लाखात एकदाच रूपांतर करायचे. शाखांचे आकडे आधी लाखात आणि मग त्यांची बेरीज, हे अजिबात नको. युटिलिटी स्वतः बेरीज करत असेल तर उरलेला फरक 'इतर मालमत्ता' किंवा 'इतर देणी' या ओळीत घ्या आणि कार्यपत्रकावर तशी नोंद ठेवा. कर्जे, ठेवी, तरतुदी यांच्या ओळींना हात लावू नका, कारण ते आकडे दुसऱ्या रिटर्नमध्ये पुन्हा येतात आणि तिथे ताळा फिसकटतो.

मॅपिंगसाठी एकच तक्ता करा: जीएल क्रमांक, हेडचे नाव, कोणते रिटर्न, कोणती ओळ, अधिक की उणे, कोणत्या तारखेपासून लागू. प्रत्येक जीएल ताळेबंदाच्या एका आणि एकाच ओळीत गेला पाहिजे. सस्पेन्स, संड्री (तात्पुरत्या आणि किरकोळ नोंदींची) आणि शाखा समायोजन (शाखांमधल्या आपसांतल्या व्यवहारांचे) ही खाती सर्वांत आधी पाहा. शाखा समायोजनाची नावे-जमा शिल्लक बँकेच्या पातळीवर निव्वळ करायची असते. ती दोन्ही बाजूंना तशीच राहिली तर मालमत्ता आणि देणी दोन्ही फुगतात, ताळेबंद मात्र जुळलेलाच दिसतो, म्हणून चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

---

तपासणी_टिपण:

दुसरी आणि तिसरी अडचण सॉफ्टवेअरची नाही, हिशेबाची आहे.

मार्चचे रिटर्न बहुतेक वेळा लेखापरीक्षणाआधीच्या आकड्यांवर जाते. मग ऑडिटर एमओसी (हिशेबात करायच्या बदलांचे टिपण) देतात, काही खाती एनपीएत जातात, तरतूद वाढते. सीबीएसमध्ये एमओसीच्या नोंदी होतात आणि जूनची आरंभीची शिल्लक तिथून उचलली जाते, पण रिझर्व्ह बँकेकडे मार्चचा जुनाच आकडा बसलेला असतो. आरंभीची शिल्लक अधिक भर वजा घट बरोबर अखेरची शिल्लक, हे सूत्र तिथेच तुटते. आधी लेखापरीक्षित आकड्यांनी मार्चचे सुधारित रिटर्न भरा, मगच जून. एमओसीने वाढलेला एनपीए जूनच्या 'भर' रकान्यात दाखवून सूत्र जुळवता येते, हे खरे. पण मग या तिमाहीत नवी खाती बिघडल्याचे चित्र उभे राहते आणि तपासणीत त्याचे उत्तर द्यावे लागते.

निव्वळ एनपीएसाठी दोन हेड बघा.

बुडीत व संशयित कर्ज निधी, म्हणजे बीडीडीआर. रिझर्व्ह बँकेच्या २ ऑगस्ट २०२४ च्या परिपत्रकानुसार २०२४-२५ पासून एनपीएची तरतूद नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणूनच टाकायची आहे. नफ्याच्या वाटणीतून बीडीडीआरमध्ये टाकलेली रक्कम ढोबळ एनपीएतून वजा करून निव्वळ एनपीए काढता येत नाही. जुन्या शिलकीसाठी एकदाच समायोजनाची सोय होती: ३१ मार्च २०२४ रोजी त्या निधीतला जो भाग खरे तर आवश्यक तरतुदीचा होता तो वेगळा मोजायचा आणि पुढच्या वर्षअखेरीपर्यंत तरतुदीकडे वळवायचा. तुमच्या एका अहवालात जुने सूत्र राहिले असेल आणि दुसऱ्यात नवे, तर आकडे वेगळेच येणार.

दुसरे, थकीत व्याज राखीव. एनपीए खात्यावरचे येणे व्याज आणि त्यासमोरची राखीव रक्कम आपल्याकडे ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंना दिसते. ते येणे व्याज कर्जाच्या रकमेत मिसळू नका आणि ती राखीव रक्कम स्वनिधीत धरू नका, नाहीतर सीआरएआर (जोखमीच्या प्रमाणातले भांडवल) फुगेल.

---

सपोर्ट_डेस्क:

वरच्या दोघांशी सहमत. युटिलिटीवर रोज येणाऱ्या तक्रारींची कारणे मात्र फार साधी असतात.

इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलचे मॅक्रो (फाइलमधले आपोआप चालणारे आदेश) विंडोज अडवते. फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक, आणि मगच उघडा. मागच्या तिमाहीची फाइल 'सेव्ह अ‍ॅज' करून वापरू नका. टेम्प्लेटची आवृत्ती बदललेली असली तर सगळे भरूनही ती नाकारली जाते. पेस्ट करताना फक्त 'व्हॅल्यूज', नाहीतर सेलमधले नियम आणि नावे उडतात.

सीबीएसमधून आलेले आकडे कित्येकदा टेक्स्ट असतात. दिसायला १२५.४०, पण मागे स्पेस चिकटलेली, त्यामुळे एक्सेलची बेरीज तो आकडा मुकाट्याने वगळते. प्रत्येक रकान्यावर 'काउंट' आणि 'काउंटए' ही दोन्ही सूत्रे लावा. संख्या वेगळ्या आल्या तर तिथे टेक्स्ट आहे. रिकामा सेल आणि शून्य हेही एक नव्हे: शून्य म्हणजे 'रक्कम नाही', रिकामा म्हणजे 'माहिती दिली नाही'.

तारखांचे बघा. ०५-०४ हे ५ एप्रिल की ४ मे, हे संगणकाच्या रीजन सेटिंगवर ठरते. आणि उत्पन्न-खर्चाच्या रिटर्नमध्ये रकाना तिमाहीचा आहे की एप्रिलपासूनचा, हे मथळा वाचून भरा. पहिल्या तिमाहीत दोन्ही आकडे सारखेच असल्याने ही चूक सप्टेंबरपर्यंत दडून राहते.

---

खतावणी:

'काउंट'ची युक्ती लावली. तीन सेल टेक्स्ट निघाले. बीडीडीआरचे जुने सूत्रही सापडले. आणखी एक विचारतो: आमच्यासारख्या बँकेला क्रिलिक (मोठ्या कर्जदारांच्या माहितीचा रिझर्व्ह बँकेचा संग्रह) लागू होते का?

---

ग्राहक_क्रमांक:

ठेवीच ६०० कोटींच्या असतील तर एकूण मालमत्ता ५०० कोटींच्या वर आहे, म्हणजे लागू होते. २७ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ५०० कोटी व त्याहून अधिक मालमत्तेच्या नागरी बँकांना ते आणले. ज्या कर्जदाराकडे एकूण ५ कोटी वा जास्त, त्याची माहिती तिमाहीला द्यायची, एसएमए (एनपीए होण्याआधीच्या इशाऱ्याच्या) वर्गवारीसह: थकबाकी ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले होते. एका मोठ्या समूहाची कर्जे २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवल्याचा आरोप त्या प्रकरणात आहे. बँकेने स्वतः भरलेल्या एकूण बेरजांवर विसंबणाऱ्या पद्धतीत असे काही दिसणे अवघडच. ३० जून २०२३ रोजी सुरू झालेल्या सिम्सकडे मी याच अंगाने बघतो. नुसते पोर्टल बदललेले नाही. भरलेली माहिती मोठ्या प्रमाणावर ताडून, विश्लेषण करून बघण्याची ती सोय आहे. त्यामुळे 'आजवर कोणी विचारले नाही' हा युक्तिवाद आता चालणार नाही.

तुमचे खरे काम ग्राहक क्रमांकाचे. एकाच कर्जदाराचे तीन शाखांत तीन क्रमांक असतील तर त्याचे २, २ आणि १.५ कोटी वेगवेगळे दिसतात आणि ५ कोटींची मर्यादा ओलांडल्याचे कळतच नाही. एनपीएही कर्जदारनिहाय असतो: एक खाते ९० दिवसांपलीकडे थकले की बाकीची खातीही त्यात. पॅन, जन्मतारीख, मोबाइल यांवर दुबार क्रमांक शोधा. पॅन १० अक्षरी आहे का, मागे स्पेस आहे का, हे आधी.

व्यक्ती नसलेल्या कर्जदाराकडे ५ कोटी वा जास्त असतील तर एलईआय (कंपन्या-संस्थांचा जागतिक ओळख क्रमांक) देखील लागतो. ५ ते १० कोटींच्या टप्प्याची मुदत ३० एप्रिल २०२५ लाच संपली. तो २० अक्षरी असतो, शेवटचे दोन अंक तपासणीचे. अक्षरांचे अंक करून (ए=१० ते झेड=३५) ९७ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. एक्सेल १५ अंकांपुढे अचूक नसते, म्हणून भागाकार तुकड्यातुकड्याने करा. क्रमांक बरोबर असूनही वार्षिक नूतनीकरण चुकलेले असते, तेही बघा.

---

ताळेबंद_कर:

मॉड्यूलचा प्रस्ताव दोन तिमाही पुढे ढकला. तेवढ्या काळात एकाने तक्त्यावरून आकडे काढायचे, दुसऱ्याने थेट ट्रायल बॅलन्सवरून (सर्व खात्यांच्या शिलकांच्या यादीवरून), आणि सादर करण्याआधी दोन्ही ताडायचे. नंतर मॉड्यूल घेतलेच, तर करारात एक अट घाला: मॅपिंग तक्ता बँकेच्या मालकीचा राहील आणि बँकेला तो स्वतः बदलता येईल.

व्हेंडरला आणखी एक विचारा. २०२५ च्या बँकिंग कायदे सुधारणेत पंधरवड्याची व्याख्या बदलून १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर अशी केली आहे. सीआरआर-एसएलआरच्या (कायद्याने राखायच्या रोख आणि तरल मालमत्तेच्या) अहवालात 'एकाआड एक शुक्रवार' थेट कोडमध्ये लिहिलेला आहे की सेटिंगमधून बदलता येतो? या उत्तरावरून मॉड्यूलची लायकी बरीचशी कळेल.