मदत हवी आहे: सफरचंदाचा मसाला पाक तिसऱ्यांदा बिघडला, कुठे चुकतंय?

चूलबोळकी, इंदूर

नमस्कार. तीन रविवार झाले, तिन्ही वेळा सफरचंदाचा पाक हुकला, म्हणून इथे विचारते आहे. मोरंबा, साखरांबा, गुळांबा हे सगळं आमच्या घरी दरवर्षी होतं, तेव्हा पाकाची भीती नाही. पण हा पाक काही केल्या हाताला लागत नाहीये.

कशासाठी करते आहे तेही सांगते. बाबा आता ऐंशीचे आहेत. नोकरीतली काही वर्षं त्यांनी शिमल्याच्या वरच्या भागात काढली, त्यामुळे सफरचंद म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो. कवळी बसवल्यापासून फोड चावत नाही. किसून दिलं तर पाच मिनिटांत काळं पडतं आणि ते वाटी सरकवतात. सकाळी आम्ही बाकीचे पोह्यांवर असतो, त्यांना मात्र गव्हाच्या पिठाचं धिरडं किंवा घावन लागतं. त्यावर ओघळेल असा पाक हवा आहे, ज्याला सफरचंदाची चव असेल आणि दालचिनी-लवंगेचा वास येईल. उरला तर श्रीखंडावर, शेवयांच्या खिरीत, रव्याच्या केकवर घालता येईल. बाबांना मधुमेह नाही, तेव्हा साखरेची काळजी करू नका.

पहिल्या वेळी चोइथराम मंडीतून आणलेली दीड किलो रॉयल डेलिशस घेतली. सालं आणि मधला गाभा यांच्यासकट फोडी करून पाण्यात पाऊण तास शिजवल्या, पुरणयंत्रातून काढल्या आणि पंच्यात घट्ट पिळल्या. ७०० मिली रस निघाला. त्यात ६०० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस, एक चमचा दालचिनीची पूड, सहा लवंगा आणि थोडं जायफळ. एका परदेशी पाककृतीत १०५ अंश लिहिलं होतं, म्हणून थर्मामीटर लावून तिथपर्यंत उकळलं. गरम असताना मधासारखा सुरेख दिसत होता. दुसऱ्या दिवशी बाटली उलटी धरली तर थेंब पडेना. शेवटी सुरीने कापून काढला.

दुसऱ्या वेळी अर्धंच लिंबू पिळलं आणि १०२ अंशांना गॅस बंद केला. ओतता आला, पण बुळबुळीत. चमचा वर उचलला की भेंडीसारखी तार लांबत येते. बाबांनी एक घास घेतला आणि ताट खाली ठेवलं. ते काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या वेळी भीतीने फारच कमी आटवला. गढूळ झाला, लवंगेने जीभ बधिर झाली आणि ओट्यावर ठेवलेली बाटली आठव्या दिवशी फसफसली. फेकून दिला.

तीन वेळा तीन वेगळे दोष आले, त्यामुळे नक्की काय बदलायचं तेच कळत नाहीये. पहिली बाटली अजून फ्रीजमध्ये आहे. तिचं काही करता येईल का?

खलबत्ता

ताई, दुसऱ्या वेळची भेंडीची तार दालचिनीच्या पुडीची आहे. बाजारात सहसा मिळते ती जाड सालीची, कडक दालचिनी. त्या सालीत चिकट द्रव्य असतं आणि पूड ओली झाली की ते फुगतं. खात्री करायची असेल तर पेलाभर गरम पाण्यात अर्धा चमचा पूड टाकून तासभर ठेवा, तळाशी बुळबुळीत गोळा दिसेल.

पाकात पूड कुठल्याच मसाल्याची नको. अख्खा तुकडा घाला आणि नंतर काढून टाका. इंदुरात आहात तर सियागंजात जाऊन सिलोनची दालचिनी मागा. पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली असते, बोटांनी सहज चुरडते. तिचा वास गोडसर असतो आणि सफरचंदावर कुरघोडी करत नाही.

लवंगा सहा फार झाल्या. एवढ्या रसाला दोन पुरेत, त्याही शेवटच्या दहा मिनिटांत. लवंगेतलं तेल जीभ बधिर करतं आणि ती जितकी उकळाल तितका कडवटपणा उतरतो. जायफळ गॅस बंद केल्यावर चार वेळा किसणीवर फिरवायचं, बस.

जुनी बरणी

तुमचं वर्णन वाचून बरं वाटलं, कारण काय काय केलं ते तुम्ही नेमकं लिहिलंय. पहिल्या वेळी तुमच्याकडून उत्तम जेली झाली आहे. जेली जमायला पेक्टिन (फळातलंच, रस घट्ट जमवणारं द्रव्य), आंबटपणा आणि भरपूर साखर या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. सफरचंदात पेक्टिन मुबलक असतं आणि सालीत-गाभ्यात तर जास्तच. जॅमच्या कारखान्यांना लागणारं पेक्टिनसुद्धा सफरचंदाचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून आणि लिंबू-संत्र्याच्या सालींतून काढतात. तुम्ही साल-गाभा पाऊण तास शिजवून ते सगळं पाण्यात उतरवलंत, पंचा पिळून राहिलेलंही आणलंत, वर दोन लिंबं पिळलीत. मग ते जमणारच.

आता १०५ अंशांबद्दल. ही पाककृती समुद्रसपाटीच्या गावची असणार. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, तुमच्याकडे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे पुस्तकातला पाक पाण्याच्या वर पाच अंश होता, तुमचा सात अंश वर गेला. ऐकायला दोनच अंश आहेत, पण पाकात तेवढ्याने फार फरक पडतो. पाण्याच्या तीन-साडेतीन अंश वर पाकात साधारण ६० ते ६२ टक्के साखर असते, चार अंशांच्या आसपास ६५ टक्के आणि सात अंशांवर ती ७५च्या घरात जाते. तुमच्या घरी ओघळणारा पाक १०१ ते १०१.५लाच तयार होतो. थर्मामीटर आधी उकळत्या साध्या पाण्यात धरून बघा, जो आकडा येईल तिथून मोजा.

मोरंब्याची सवय इथे आड येते, हेही सांगते. आपला हात तारेची वाट बघतो. या पाकाला तार यायला लागली म्हणजे तो पुढे गेला. मी थर्मामीटरवर विसंबतच नाही, वजन करते. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवायचं. रसाच्या वजनाच्या साधारण १२ टक्के रसातलीच साखर धरायची, त्यात आपण घातलेली साखर मिळवायची आणि त्या बेरजेला ०.६२ने भागायचं. येईल तेवढ्या ग्रॅमवर पाक आला की गॅस बंद. मधूनमधून पातेलं उचलून काट्यावर ठेवावं लागतं, पण चूक होत नाही.

पेक्टिन टाळायचं असेल तर फोडी शिजवूच नका. सालं आणि बिया काढून सफरचंद कच्चंच किसा, किसतानाच लिंबू चोळा आणि मलमलच्या फडक्यातून रस काढा. पेक्टिन बरंचसं चोथ्यातच राहतं. रसाला लगेच एक उकळी द्या, म्हणजे तो आणखी काळा पडत नाही. वर राखाडी फेस जमेल तो सगळा काढून टाका. मग झाकून रात्रभर फ्रीजमध्ये, अजिबात न हलवता. सकाळी तळाशी गाळ बसलेला असेल. वरचा नितळ रस अलगद ओतून घ्या, गाळाचा मोह नको. साखर यानंतर घालायची.

सफरचंदाबद्दलही थोडं. रॉयल डेलिशस गोड असतं पण आंबटपणा जवळपास नसतो, म्हणून नुसत्या त्याचा पाक साखरपाण्यासारखा लागतो. तुमच्या बाबांना हे आवडेल म्हणून लिहिते: शिमल्याच्या वर कोटगढला ही डेलिशसची कलमं सॅम्युअल स्टोक्स यांनी अमेरिकेतून आणली, त्याआधी इंग्रजांनी लावलेल्या जाती आंबट होत्या. आपल्या लोकांना गोड फळ आवडलं आणि डोंगरच्या डोंगर डेलिशसचे झाले. खायला ते छान, पण शिजवायला थोडं आंबट लागतंच. चारात एक हिरवं, ग्रॅनी स्मिथ, मिसळून बघा. आणि फळ करकरीत घ्या. भुसभुशीत झालेल्याचा रस कमी आणि गढूळ निघतो.

ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, आंबट रसाला धातूची चव येते. स्टीलचं जाड बुडाचं चांगलं.

पहिली बाटली फेकू नका. गरम पाण्यात उभी करून सैल करा, वाटीभर जेलीला पाव वाटी उकळतं पाणी घालून मंद आचेवर विरघळवा आणि गाळा. ओघळेल. पण पाणी वाढल्यामुळे तो टिकणार नाही, फ्रीजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवा. मी असते तर तशीच ठेवून लोण्याबरोबर पोळीवर लावली असती.

बडोदेकर

साखरेऐवजी गूळ घालून बघा. आम्ही बडोद्याला हिवाळ्यात सुंठ घालून गुळाचा पाक करतो, त्यातच सफरचंदाचा रस घालतो. भाकरीबरोबर फार छान लागतो. गुळाला रंगही सुंदर येतो.

जुनी बरणी

तो पाक चांगलाच लागत असेल, पण त्यात पुढे गूळ बोलतो. ताईंना बाबांसाठी सफरचंद हवं आहे. इथे साधी पांढरी साखरच बरी, ती आपली चव पुढे करत नाही. शिवाय आंबट रस घातलेला गुळाचा पाक गरम दुधात पडला तर दूध फाटू शकतं, आणि ताईंना तो खिरीतही घालायचाय. सफरचंदाचा पाकही आंबटच, म्हणून तोसुद्धा खीर कोमट झाल्यावर, वाटीत वरून घ्यावा.

चूलबोळकी, इंदूर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! खलबत्ता, पाण्यातला प्रयोग लगेच केला. तासाभराने पेल्यात खरंच बुळबुळीत गोळा होता. इतकी वर्षं चहात हीच पूड घालते आहे, कधी लक्षात आलं नाही.

दोन शंका आहेत. किसण्याऐवजी मिक्सर चालेल का? दोन किलो सफरचंदं किसायला मनगट साथ देईल असं वाटत नाही. आणि बाटली किती दिवस टिकेल?

जुनी बरणी

मिक्सर चालेल, पण थांबून थांबून फिरवा, गुळगुळीत गंध करू नका, नाहीतर फडक्यातून गाळच उतरेल. बिया मात्र एकूण एक काढा. चिरडल्या तर कडू होतंच, शिवाय त्यातून विषारी द्रव्य सुटतं.

टिकण्याचं म्हणाल तर ६२ टक्क्यांचा पाक फ्रीजमध्ये महिनाभर राहतो. काचेची बाटली उकळून, पूर्ण कोरडी करून, पाक गरम असतानाच भरायचा. ओट्यावर ठेवायचा असता तर ६५च्या वर न्यावा लागला असता, आणि तिथे पुन्हा जमण्याची भीती. तुमचा तिसरा पाक पातळ होता आणि बाहेर होता, त्यात यीस्टला पुरेसं पाणी मिळालं. फेस किंवा आंबूस वास आला की चव न घेता ओतून द्यायचा, तेव्हा तुम्ही केलंत ते बरोबर.

खलबत्ता

थंड बशीची खूणही लक्षात ठेवा. बशी फ्रीजरमध्ये ठेवायची, पाकाचा थेंब टाकून मिनिटभराने तिरकी करायची. थेंब सावकाश ओघळला तर झाला. बोटाने ढकलल्यावर वर सुरकुती पडली तर जेलीकडे चाललाय, लगेच दोन चमचे पाणी घाला.

चूलबोळकी, इंदूर

आज रविवार, आणि हे लिहिताना बाटली समोर आहे.

दीड किलो रॉयल डेलिशस, अर्धा किलो हिरवी. हिरवी महाग पडली, पण रसाला लगेच धार आली. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवून, फडक्यातून हाताने दाबून जेमतेम ९०० मिली रस. फेस वाटीभर निघाला. रात्रभर ठेवल्यावर तळाशी दोन बोटं गाळ होता, वरचा नितळ रस ७५० मिली मिळाला. पहिल्या धारेचा चहा असतो तसा रंग.

रसाचं वजन ७८५ ग्रॅम आणि साखर ४५०. बरणीताईंच्या हिशेबाने ८८० ग्रॅमवर थांबायचं होतं. दालचिनीचा बोटभर तुकडा पहिल्यापासून, दोन लवंगा शेवटी, लिंबू फक्त फळाला चोळलेलं तेवढंच. थर्मामीटर आधी साध्या पाण्यात धरला तर आकडा ९८ आला. पाक ८८५ ग्रॅमवर असताना १०१ आणि वर थोडा होता. बशी तिरकी केली, थेंब ओघळला, गॅस बंद केला. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवूनही सकाळी मधापेक्षा थोडा सैलच राहिला. बुळबुळीत नाही, जमला नाही, आणि उजेडात धरला की बाटलीपलीकडची खिडकी दिसते.

बाबांना स्टोक्स यांची गोष्ट वाचून दाखवली. कोटगढ त्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे धिरडं गार होईपर्यंत बोलत राहिले. मग पाक चाखून म्हणाले, वास त्या बागांमध्ये उतरणी चालू असायची तेव्हाचा आहे, पण तिथे थंडीत चहातसुद्धा आलं असायचं, यात ते कुठे आहे? तर पुढच्या वेळी आलं की सुंठ, आणि केव्हा घालायची?

खलबत्ता

सुंठ. ओल्या आल्याचा रस पाक गढूळ करेल. पेराएवढा तुकडा घ्या आणि नुसता ठेचा, पूड करू नका. दालचिनीबरोबर पहिल्यापासून टाका, सुंठेचा स्वाद सावकाश उतरतो. बाटलीत भरण्याआधी दोन्ही काढून टाका, राहिले तर पाक दिवसागणिक तिखट होत जाईल.