लँड क्रूझर 200 ची पिकअप करायचीय, पुण्यात कोणी केलंय का?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2012 ची लँड क्रूझर 200 आहे, डिझेल व्ही 8, सेकंड हँड घेतलेली. स्पिती एकदा, कच्छ दोनदा, कोकण तर मोजतच नाही, आणि इंजिन अजून ठणठणीत. अडचण सामानाची आहे. आम्ही दोघं, दोन मुलं, त्यात दोन सायकली, तंबू, शेगडी, ओले कपडे, चिखलाचे बूट सगळं आतच, आणि तिसऱ्या दिवसापासून जो कुबट वास धरतो तो लेदरमधून महिनाभर जात नाही. ऑस्ट्रेलियात हीच गाडी दुसऱ्या सीटच्या मागून कापतात, केबिनला मागून भिंत घालतात, चेसिस (खालची लोखंडी फ्रेम) लांब करतात आणि वर हौदा बसवतात. फोटो पाहिल्यापासून डोक्यातून जातच नाहीये. इथे एका बॉडीवाल्याला विचारलं तर म्हणाला महिन्याभरात देतो, चेसिसला हातच लावायचा नाही, छप्पर कापायचं आणि हौदा ठेवायचा. पुढच्या जूनमध्ये लेहला जायचंय. करू का? आणि आरटीओचं काय?

फ्रेमवाला_चाकण
दादा, चेसिसला हात लावायचा नाही म्हणाला ना, तिथेच थांबा. मी फ्रेमच्याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.
तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, 2850 मिमी. कंपनीच्या पिकअपांत हायलक्सचा 3085, व्ही-क्रॉसचा 3095, आणि लँड क्रूझर 79 ची डबल कॅब येते तिचा 3180. चार दारं ठेवून मागे हौदा द्यायचा तर मागचा ॲक्सल मागे न्यावाच लागतो, म्हणून ते आकडे तसे आहेत. तुमच्यात दुसरी सीट संपते तिथून ॲक्सल फार लांब नाही, म्हणजे अख्खा हौदा ॲक्सलच्या मागे लोंबणार. आता हिशोब करा, 300 किलो सामान ॲक्सलच्या मीटरभर मागे ठेवलंत तर मागच्या ॲक्सलवर 405 किलो येतात, आणि वरचे 105 पुढच्या चाकांवरून उचलले जातात. ओल्या घाटात उताराला वळताना स्टीअरिंग हलकं लागलं की कळेल मी काय म्हणतोय ते.
बरं, लांब करायची तर नुसती फ्रेम कापून जोडून भागत नाही. मागच्या चाकांना ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट नवा, त्याचं बॅलन्सिंग, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, एक्झॉस्ट, वायरिंग, सगळंच वाढवावं लागतं. वेल्डिंग केलं की त्याच्या शेजारचं लोखंड कमजोर पडतं आणि तडा तिथूनच जातो, तोही इथे नाही, लेहच्या वाटेवरच्या मोरे प्लेन्ससारख्या ठिकाणी खडबडीत रस्त्यावर चारशे किलोमीटर हादरे खाल्ल्यावर. शिवाय छपराच्या कडेने कर्टन एअरबॅग मागपर्यंत जातात, त्या कापून कोण देणार? आणि गाडी घसरायला लागली की सावरणारा स्टॅबिलिटी कंट्रोल मूळ व्हीलबेस धरूनच सेट केलेला असतो. ऑस्ट्रेलियात जे चांगले करतात ते हे सगळं करून इंजिनिअरची सही घेऊन मग रस्त्यावर आणतात. फोटोत ते दिसत नाही.

कोथरूडचा_वकील
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, कंपनीने मूळ दिलेले जे तपशील आरसीवर आहेत त्यांच्याशी फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किट, इंजिन बदलणं वगैरेला परवानगीची वाट आहे, पण तुमच्यासारख्या बंद गाडीचा पिकअप म्हणजे बॉडीचा प्रकारच बदलला. केरळ हायकोर्टाने आधी थोडी मोकळीक दिली होती, ती सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये काढून घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182 अ आलं, त्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 दंड किंवा दोन्ही. दंडापेक्षा मला इन्शुरन्सची जास्त काळजी वाटते. अपघात झाला आणि सर्व्हेअरने गाडी आणि आरसी शेजारी ठेवून पाहिली तर क्लेम अडकला म्हणून समजा, आणि गाडीत तुमची मुलं बसलेली असणार आहेत.
अजून एक, डिझेल 2012 ची म्हणजे 2027 ला पंधरा वर्षं पूर्ण. रजिस्ट्रेशन वाढवायला इन्स्पेक्टरसमोर गाडी उभी करावीच लागेल, तेव्हा हौदा कुठे लपवणार?

घाटमाथा_गौरी
दादा मला तुमचं दुखणं अगदी कळतं, आमच्याकडे पण आधी सात सीटर होती आणि ओल्या तंबूच्या वासाने लेकीला दर प्रवासात उलटी व्हायची. आम्ही ती विकून कंपनीचीच डबल कॅब पिकअप घेतली, एमएच 12, खाजगी पासिंग, पांढरी नंबर प्लेट. तीन वर्षं झाली. चिखल, मासे, सरपण सगळं मागे, केबिन कोरडी, यापेक्षा सुख नाही.
पण नीट ऐका. मागे स्प्रिंगचे पाटे असतात, रिकामी असली की खड्ड्यात मागचा भाग उडतो, ताम्हिणीतून येताना आई मागच्या सीटवर बसायलाच तयार नव्हती. हौद्यात शंभरेक किलो असले की एकदम शहाणी चालते. मागच्या सीटची पाठ सरळ आहे, मुलं सहा तासांनंतर कुरकुरतात. धूळ हौद्याच्या झाकणातून आत येतेच, रबर पट्टी लावूनही येते, म्हणून कपडे नेहमी डब्यात. आणि 5.3 मीटरची गाडी नारायण पेठेत न्यायची नाही, आम्ही नदीपात्राशी लावून चालत जातो. तुमच्या व्ही 8 ची मऊ चाल हिच्यात शोधू नका.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. 105 किलोचा हिशोब रात्री कागदावर स्वतः मांडून बघितला, बरोबर आहे. बॉडीवाल्याला सकाळी नाही म्हणून कळवलं.
गाडी विकायला मात्र मन होत नाहीये. जूनला हीच नेतो, तिसरी रांग बाजूला दुमडून, ओल्या सामानाला दोन घट्ट झाकणाचे डबे, आणि सायकली या वेळी घरीच, धाकटा रुसेल पण लेहमध्ये भाड्याने मिळतात. परत आल्यावर पिकअपचा विचार.
गौरीताई, तुमच्या गाडीत माझ्या आईला मागच्या सीटवर एकदा बसवून बघता येईल का? रविवारी सकाळी लवकर, पानशेत रस्त्याने जाऊन येऊ. हौद्यात घालायला शंभर किलो मी आणतो.

घाटमाथा_गौरी
या की. साडेसहाला खडकवासला चौपाटी. आईंना पाठीला एक उशी आणायला सांगा.