मदत हवी आहे: श्रीपाद नाईक यांचा १९९९ पासूनचा संसदेतला हिशेब लावायचा कसा?

मोपेचा_वारा

नमस्कार मंडळी. राजकारणावर भांडण नको, हे आधीच सांगतो. ते घरी पुरेसं झालंय.

चवथीला आम्ही सगळे पेडण्याच्या मूळ घरी जमतो. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून माटोळीखाली आडवेतिडवे पडलो होतो. काका म्हणाले, भाऊंनी (म्हणजे श्रीपाद नाईकांनी) गोव्यासाठी दिल्लीत आयुष्य घातलं. माझा भाचा राज्यशास्त्राचा विद्यार्थी. त्याने मोबाईलवर पीआरएसचं, म्हणजे खासदारांच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं, पान उघडून काकांच्या नाकासमोर धरलं. हजेरी काही नाही, प्रश्न काही नाहीत, खासगी विधेयकं काही नाहीत. "सहा वेळा निवडून आले, आणि हे बघा." मग शेजारी दक्षिण गोव्याचं पान उघडलं. २०१९ ते २०२४ चे खासदार सार्दिन, त्यांचे रकाने भरलेले. काका काही बोलले नाहीत. हातातली नेवरी ताटलीत ठेवली आणि उठून मागच्या परसात गेले.

मला ते लागलं. बाजू घ्यायची म्हणून नव्हे. मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालो. रिकामा रकाना आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पोरांना सांगण्यात माझी वर्षं गेली, आणि घरातल्या घरात तीच चूक होताना मला कारण सांगता येईना.

तर आता मी आणि भाचा मिळून वही करतोय. एका पानाला एक वर्ष, १९९९ पासून. तीन ठिकाणी अडलोय.

पहिलं, मंत्रिपदाची वर्षं कशी मोजायची? पीआरएसवर ती कोरी दिसतात. दुसरं, नावांचा गोंधळ. मी 'नाईक' एवढाच शब्द टाकून शोधत गेलो आणि वहीत पेट्रोल पंप आणि गॅस सिलिंडरांचा पाऊस पडला. दोन संध्याकाळी गेल्यावर ट्यूब पेटली, हे राम नाईक! मुंबईचे, वाजपेयींच्या वेळचे पेट्रोलियम मंत्री. ते खोडून काढले, तर पुढे 'नाईक' आणि 'गोवा' हे दोन्ही शब्द असलेले ढीगभर प्रश्न सापडले. खूश होऊन उतरवून घेतले. भाच्याने दाखवलं, मामा, वर राज्यसभा लिहिलंय. ते शांताराम नाईक. तिसरं, १९९९ ते २००९ चं काहीच हाती लागत नाही. 'उत्तर गोवा' टाकलं की कोरं पान.

कुणी जाणकार असेल तर वाट दाखवा. देव बरें करूं.

फायलीतला_माणूस

मास्तर, तिसरं आधी सोडवतो, ते सोपं आहे. २००९ च्या आधी 'उत्तर गोवा' नावाचा मतदारसंघच नव्हता. १९९९ आणि २००४ ला नाईक 'पणजी'तून निवडून आले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर पणजीचं उत्तर गोवा झालं आणि मुरगावचं दक्षिण गोवा. त्यामुळे आधीच्या दोन टर्मसाठी पणजी टाका. आणि पीआरएसकडे १९९९ शोधू नका, ती संस्थाच २००५ ची. जुन्यासाठी लोकसभेची स्वतःची साइट आणि संसदेची डिजिटल लायब्ररी.

नाव पूर्ण घ्यायचं: श्रीपाद येसो नाईक. लोकसभेच्या यादीत आडनाव आधी येतं, म्हणून नाईक, मग श्रीपाद येसो. नुसत्या नाईकवर गेलात तर १९९८ चे रवी नाईकही याच पणजीतून येतील आणि ८४ चे शांताराम नाईकसुद्धा. पणजीला नाईकांचं वावडं कधीच नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. भाच्याला सांगा, मंत्री हजेरीच्या वहीत सही करत नाही. ती सही दैनिक भत्त्याशी बांधलेली आहे आणि मंत्र्याचा पगार-भत्ता वेगळ्या कायद्याने चालतो. मंत्री प्रश्न विचारत नाही, कारण उत्तर द्यायला तोच उभा असतो. शुक्रवारी खासगी विधेयक आणत नाही, कारण आणलं तर ते सरकारचंच होतं. स्थायी समितीवरही बसत नाही. म्हणजे खासदार मोजायची जेवढी मापं आपल्याकडे आहेत ती सगळी मंत्री झाल्या दिवशी बंद पडतात. तिथे शून्य लिहायचं नाही, 'लागू नाही' लिहायचं. गणिताच्या मास्तरांना मी काय सांगणार.

सार्दिन विरोधी बाकावर होते, नाईक सरकारात होते. त्या दोन पानांची तुलना म्हणजे गोलकीपरने किती गोल मारले हे विचारणं.

काजूबोंडू

एवढे कागद कशाला चाळता? मतदारसंघात फिरा, रस्ते बघा, कळेल.

मोपेचा_वारा

@काजूबोंडू, रस्ते बघूनच काका एक म्हणतात आणि भाचा दुसरं. म्हणून कागद.

@फायलीतला_माणूस, लाख धन्यवाद. म्हणजे मंत्रिपदाची वर्षं सोडून द्यायची का? मग २५ वर्षांतली उरतील किती?

फायलीतला_माणूस

सलग दहा उरतात, आणि तीच तुमच्या वहीचा कणा. २००४ ते २०१४, चौदावी आणि पंधरावी लोकसभा. युपीए सरकार, नाईक विरोधात, हातात मंत्रिपद नाही. तिथे हजेरी, प्रश्न, शून्य प्रहर, नियम ३७७ (सभागृहात विषय मांडायची सोय), समित्या सगळं मोजता येतं आणि इतरांशी तुलनाही करता येते. वाजपेयींच्या काळातही ते राज्यमंत्री होते, खाती बदलत गेली. म्हणून १९९९ ते २००४ हा तुकडा मिश्र आहे, तारखा लावूनच बघा.

मोजताना एक लक्षात ठेवा. लोकसभेत एका दिवसाला तारांकित (तोंडी उत्तराचे) प्रश्न २० आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) २३०. नोटिसा याच्या कितीतरी पट येतात आणि सोडतीत नंबर लागतो. न लागलेल्याचा कागद आपल्याला दिसत नाही. शिवाय एकाच प्रश्नावर चार-पाच खासदारांची नावं एकत्र जोडलेली असतात. त्यामुळे आकड्यापेक्षा विषय उतरवा. त्या दहा वर्षांत गोव्यात काय कमी घडलं? म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा लवाद २०१० मध्ये नेमला गेला. शहा आयोगाचा गोव्याच्या खाणींवरचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे ठेवला गेला आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. तेव्हा आपल्या खासदाराने काय विचारलं, तारांकित की अतारांकित, पुरवणी प्रश्न केला की नाही, एवढं जरी काढलंत तरी शंभर आकड्यांपेक्षा जास्त कळेल.

पाटोवरची

मी पेपरांच्या जुन्या फायलींत बसणारी बाई, म्हणून थोडी वेगळी भर घालते.

'म्हादई' टाकून संसदेच्या साइटवर फारसं काही सापडणार नाही. दिल्लीच्या कागदावर ती 'महादयी' आहे, लवादाच्या नावातसुद्धा. इंग्रजी स्पेलिंगही त्याप्रमाणेच. मी एकदा दुपारभर चुकीच्या नदीत पोहले होते.

दुसरी अडचण भाषेची. कामकाजाच्या मूळ वृत्तांतात हिंदी किंवा इंग्रजीतलं भाषण त्याच भाषेत छापतात. खासदार हिंदीत बोलला तर मजकूर देवनागरीत, आणि तुम्ही इंग्रजीत शोधत बसलात तर तो तिथे नाहीच असं वाटतं. जुन्या पीडीएफमधली देवनागरी तर शोधायला गेलं की नुसता खडखडाट करते. त्यापेक्षा तारीख गाठा. तारखेसाठी पणजीतल्या आमच्या पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुने 'गोमन्तक', 'नवप्रभा' चाळा. अधिवेशन चालू असताना गोव्याच्या खासदाराने काही मांडलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बातमी येतेच. तिच्यावरून दिवस धरायचा आणि मग वृत्तांताचं ते पान उघडायचं. उलटा प्रवास आहे, पण कमी दमवतो.

नियम ३७७ खालचे विषय बघताना सभागृहात वाचले की नुसते पटलावर ठेवले तेही बघा. दोन्ही नोंदीत येतात, पण वजन सारखं नाही.

मोपेचा_वारा

बाई, 'महादयी'ने लॉटरी लागली. भाचा तेव्हापासून उठलेलाच नाही.

आता मंत्रिपदाच्या वर्षांकडे येतो. त्यांनी दिलेली उत्तरं मोजली तर? आयुषच्या (आयुर्वेद, योग, होमिओपॅथी वगैरेंचं मंत्रालय) काळातली उत्तरं खंडीभर आहेत. काका म्हणतात ती सगळी भाऊंच्या खात्यात धर.

फायलीतला_माणूस

काकांना नमस्कार सांगा, पण तसं धरू नका. उत्तरांची संख्या म्हणजे इतरांनी किती प्रश्न विचारले त्याची संख्या. मसुदा खात्यातले अधिकारी करतात. आणि पदाचा प्रकार बघितल्याशिवाय बेरीज करूच नये.

मे २०१४ मध्ये त्यांच्याकडे पर्यटन आणि संस्कृती, स्वतंत्र कार्यभार. नोव्हेंबर २०१४ ला आयुष हे वेगळं मंत्रालय झालं, ते त्यांच्याकडे जुलै २०२१ पर्यंत, तेही स्वतंत्र कार्यभार. म्हणजे वर कॅबिनेट मंत्री नाही, तारांकित-अतारांकित सगळं त्यांच्या नावावर. २०२१ नंतर बंदरं आणि पुन्हा पर्यटन, २०२४ पासून वीज आणि नवीकरणीय ऊर्जा, पण आता नुसते राज्यमंत्री. अशा वेळी तारांकितचं उत्तर बहुधा कॅबिनेट मंत्र्याच्या नावावर जातं आणि अतारांकितचं राज्यमंत्र्याच्या. आकडा खाली आला म्हणजे माणूस मंदावला असं होत नाही, टेबल बदललेलं असतं.

त्यापेक्षा दोन गोष्टी उतरवा. एक, विधेयकं. भारतीय चिकित्सा पद्धती आणि होमिओपॅथी यांच्या राष्ट्रीय आयोगांची दोन विधेयकं त्यांनी जानेवारी २०१९ मध्ये मांडली, २०२० मध्ये कायदे झाले. आणि गंमत बघा, मांडली राज्यसभेत! संविधानाच्या ८८ व्या अनुच्छेदाने मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येतं, मत मात्र आपल्याच सभागृहात. तुम्ही नुसती लोकसभा चाळत असाल तर मंत्री नाईकांचा मोठा भाग राज्यसभेच्या वृत्तांतात तसाच पडून आहे. म्हणून राज्यसभेतले सगळे नाईक खोडू नका हो. शांताराम नाईक २००५ ते २०१७ तिथे सदस्य होते, तेवढे वेगळे काढा.

दोन, आश्वासनं. मंत्री उत्तरात 'बघू', 'माहिती गोळा करतोय' म्हणाला की ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि न झालं तर आश्वासन समिती विचारते. समितीचे अहवाल कोरडे असतात, पण मंत्र्याला मोजायचं खरं माप मला तेच वाटतं.

काजूबोंडू

बरं, आता रस्त्यांचं बोलू द्या. खासदार निधीचं काय? तो तर मंत्र्यालाही मिळतो.

फायलीतला_माणूस

मिळतो, आणि हा मुद्दा मीच आधी लिहायला हवा होता. २५ वर्षं न तुटता चालणारं हे एकच माप. योजना डिसेंबर १९९३ ची. नाईक पहिल्यांदा गेले तेव्हा वर्षाला २ कोटी, २०११-१२ पासून ५ कोटी. कोविडमध्ये एप्रिल २०२० पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत बंद, ती वर्षं बघून दचकू नका. पोर्टलवर अलीकडचं मिळेल, जुनी यादी पणजीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीचा अधिकार वापरून मागा, दहा रुपयांचा अर्ज. खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी आणि काम जिल्ह्याकडे. त्यामुळे पैसा पडून दिसला तर शिफारसच नव्हती की काम अडलं, ते वेगळं विचारा. १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचे असतात. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये जमातीचा दर्जा मिळाला, तेव्हापासूनचा हा रकाना मला स्वतःलाच बघायचा आहे.

मोपेचा_वारा

मंडळी, थोडं कळवतो. राम नाईकांची साडेचार पानं फाडली. मंत्रिपदाच्या वर्षांना निळी शाई, विरोधातल्या वर्षांना काळी. निळ्या पानांवर भाच्याने स्वतःच्या हाताने 'लागू नाही' लिहिलं. त्याचं मन मात्र वळलेलं नाही. म्हणतो, लागू नाही म्हणजे काम केलं असाही पुरावा नाही. बरोबर आहे, मी कुठे नाही म्हणतोय.

धारगळच्या आयुर्वेद संस्थेवरून मात्र नवीन जुंपली आहे. ती आमच्या पेडणे तालुक्यातली, अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेची शाखा. काकांच्या मते ती भाऊंच्या खात्यात, कारण आयुष मंत्री तेच होते. भाचा म्हणतो, उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ चं आणि तेव्हा आयुष दुसऱ्याकडे होतं. कुठल्या वर्षाच्या पानावर लिहू?

पाटोवरची

दोन्ही पानांवर नको. उद्घाटनाचं पान सोडा. मंजुरी कधी मिळाली, जमीन कधी ताब्यात आली, पैसा कुठल्या वर्षी सुटला हे संसदेतल्या उत्तरांत सापडेल, धारगळ हा शब्द टाकून बघा. इंग्रजीत शेवटी एक 'आय' लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे.

मोपेचा_वारा

आत्ताच टाकलं. 'आय' नसलेलं एक आणि असलेली बरीच आली. भाचा उतरवून घेतोय, काका चष्मा लावून मागे उभे आहेत आणि अक्षर मोठं काढ म्हणतायत.